निवदाचा मान : महाराष्ट्रातील ग्रामदैवते आणि त्यांचे नैवेद्य

महाराष्ट्रातल्या जुन्या गावाची हद्द त्याच्या दैवतांवरून ओळखता येते. वस्तीची जमीन ती पांढरी आणि पिकाची ती काळी. दोन्हींचे देव वेगळे. वेशीच्या आत मारुती, वस्तीच्या मानाच्या जागी भैरवनाथ किंवा गावदेवी, ओढ्याच्या डोहाशी साती आसरा, पिंपळाखाली मुंजा, शिवेच्या दगडाशी म्हसोबा आणि वस्तीबाहेर, बहुधा महारवाड्याच्या अंगाला, मरीआई. यांतल्या अनेकांना घडवलेली मूर्ती नाही. शेंदूर फासलेला तांदळा, ओळीने मांडलेले सात गोटे, एखादा झिजलेला वीरगळ, एवढ्यावर काम भागते. देऊळ असलेच तर चार दगडांची घुमटी. या देवांना स्तोत्र लागत नाही, मुहूर्त लागत नाही, पुष्कळदा पुजारीही लागत नाही. लागतो तो निवद. कोणत्या देवाला काय द्यायचे, कोणत्या वारी, कोणत्या घराने, कोठे उभे राहून, आणि दिलेले पुढे कोणाच्या पानात जायचे, हे सारे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेले असे. त्यामुळे ग्रामदैवतांचा इतिहास शोधणाऱ्याला देवळाच्या बांधकामापेक्षा त्यांच्या ताटातून जास्त हाती लागते.

ही पूजा किती जुनी आहे, याचा माग दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी पायी फिरून काढला. पुणे परिसरातल्या टेकड्या, खिंडी आणि तिठे धुंडाळताना शेंदरी दगडांची अनेक ठाणी जुन्या वाटांच्या मिलाफावर आहेत आणि त्यांच्या आसपास अश्मयुगीन बारीक दगडी हत्यारे सापडतात, हे त्यांनी दाखवून दिले. १९६२ साली प्रसिद्ध झालेल्या ‘मिथ अँड रिअ‍ॅलिटी’ या ग्रंथात ही मांडणी आहे. गाव वसण्याआधीपासून माणसे ज्या वाटांनी गुरे हाकत होती, त्याच वाटांवर नंतर व्यापारी तांडे चालले, बौद्ध लेणी कोरली गेली आणि आयांची ठाणीही तिथेच राहिली. कार्ल्याच्या चैत्याच्या तोंडाशी उभे असलेले एकवीरेचे देऊळ हे याचे सर्वांत ठळक उदाहरण. अहिंसेचा उपदेश करणाऱ्या भिक्षूंच्या लेण्याच्या दारात कोळी समाज चैत्रात आपल्या कुलस्वामिनीला भेटायला येतो आणि कोंबड्या-बकऱ्याचा नवस फेडतो. एक परंपरा उठून दुसरी आली असे इथे घडले नाही. दोन्ही एकाच कड्यावर राहिल्या.

लेखी पुरावा तेराव्या शतकापासून स्पष्ट मिळतो. ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात अज्ञानाची लक्षणे सांगताना ज्ञानदेवांनी रोज नव्या देवाच्या मागे धावणाऱ्या माणसाचे वर्णन केले आहे. तो नित्यकर्म टाकून नवचंडीला बसतो, रविवारी भैरवासाठी पाने वाढतो आणि सोमवारी बेल घेऊन लिंगाकडे पळतो. उपदेशाचा रोख निषेधाचा असला, तरी १२९०च्या सुमाराला भैरवाचा वार रविवार होता आणि त्याच्या नावाने पाने वाढली जात, ही माहिती त्यातून मिळते. आजही भैरवनाथाचा वार रविवारच आहे. साडेतीनशे वर्षांनी तुकोबांनी एका अभंगात जाखाई, जोखाई, मेसाबाई, भैरव, खंडेराव, मुंजा, म्हैसासुर, वेताळ अशी गावगन्ना दैवतांची यादीच दिली आणि आपला पंढरीराव या सर्वांहून बलवान असल्याचे सांगितले. त्यात कोण मद्यमांस खातो, कोण रोटीचा धनी, कोण लाडू-मोदकांचा, हे नेमके नोंदलेले आहे. देवाची ओळख त्याच्या आहारावरून करून द्यावी, हे देहूच्या वाण्याला आणि त्याच्या श्रोत्यांना अगदी स्वाभाविक वाटत होते.

आहाराची मोठी विभागणी गोड्या आणि खाऱ्या निवदाची. पुरणपोळी, खीर, मलिदा, दहीभात हा गोडा. कोंबडे-बकऱ्याचा तो खारा. मारुतीला शनिवारी तेल आणि रुईची माळ, नारळाचे खोबरे. खारे त्याच्या वाऱ्यालाही चालत नाही. म्हसोबा, वेताळ, मरीआई यांना दोन्ही चालते. खंडोबाला चंपाषष्ठीस वांग्याचे भरीत आणि बाजरीचा रोडगा लागतो. चातुर्मासात वर्ज्य केलेली वांगी आणि कांदा अनेक घरांत त्या दिवशीच्या निवदानंतरच पुन्हा खाल्ली जातात. जेजुरीला बकरे पडते ते खंडोबासाठी नव्हे, त्याने मारलेल्या आणि मरताना शरण आलेल्या मणी दैत्यासाठी, असे भाविक सांगतात. ही तोड महाराष्ट्रभर दिसते. मुख्य देव शाकाहारी होत गेला की त्याच्या वाटणीचे मांस दाराबाहेरच्या रखवालदाराकडे, दैत्याकडे किंवा पायरीवरच्या म्हसोबाकडे सरकते. कित्येक देवळांत खाऱ्या निवदाच्या वेळी मुख्य देवापुढे पडदा ओढला जातो. देवाची प्रतिष्ठा वाढली, पण जुना हक्क बुडाला नाही. तो खालच्या पायरीवर नोंदला गेला.

जीवाच्या बदली दुसरे काही देण्याची रीतही जुनीच. कोहळा, नारळ आणि कुंकू माखलेले लिंबू ही त्यातली नेहमीची तीन. कोल्हापुरात ललिता पंचमीला अंबाबाईची पालखी त्र्यंबोलीच्या टेकडीवर जाते आणि तिथे कुमारिकेच्या हातून कोहळ्याचा भेद होतो. तुळजापुरात मात्र नवरात्राच्या होमानंतर अजाबळीची प्रथा चालत आली आहे. दोन्ही ठिकाणी देवीच्या दैत्यवधाचीच आठवण आहे. एकीकडे फळाने, एकीकडे जिवाने.

म्हसोबाचे प्रकरण याहून गुंतागुंतीचे आहे. तो रेड्याचा देव. पुराणांतली देवी ज्या महिषासुराला मारते, त्याच्याशी त्याचे नाते कोसंबींनी दाखवले. त्यांच्या निरीक्षणात असे आले की, एका ठाण्यावर म्हसोबा देवीच्या पायाखाली चिरडला जातो आणि काही कोसांवर तोच जोगूबाईचा नवरा म्हणून सुखाने नांदतो. गुरे राखणाऱ्यांचा देव आणि शेतकऱ्यांची देवी जिथे भांडली तिथे एक कथा झाली, जिथे सोयरिक जुळली तिथे दुसरी. जर्मन संशोधक गुंथर सोंथायमर यांनी बिरोबा, म्हस्कोबा आणि खंडोबा या धनगरांच्या देवांवरच्या १९७६च्या ग्रंथात हा धागा पुढे नेला. पुरंदर तालुक्यातल्या वीर येथील म्हस्कोबा मूळचा मराठवाड्यातल्या सोनारीचा काळभैरव, एका धनगर भक्तासाठी तो मेंढरांच्या वाटेने इकडे आला, अशी कथा आहे. माघातल्या पौर्णिमेपासून तिथे मोठी यात्रा भरते. मेंढपाळांच्या स्थलांतराची वाट देवाच्या प्रवासकथेत जपली गेली, आणि मग गावकऱ्यांच्या मानपानात त्या वाटेवरच्या गावांना जागा मिळाली.

मानपान हा या सगळ्याचा कणा. जुन्या गावगाड्यात देवाची रोजची पूजा गुरवाकडे. त्याबद्दल त्याला बलुते आणि इनामाचा तुकडा. वाजवणे, पोत धरणे, बोकड धरणे, तोडणे, पालखीला खांदा देणे ही कामे जातवार वाटलेली. जत्रेत पहिला नारळ पाटलाचा, आणि पाटीलकीचे दोन वाटे असतील तर कोणाचा आधी यावर पिढ्या भांडत. दसऱ्याला किंवा गावदेवीच्या जत्रेला रेडा मारण्याची चाल अनेक गावांत होती. रेडा गावाच्या शिवेवरून फिरवला जाई, पहिला वार पाटलाचा मानला जाई, पुढचे काम आणि मांस महार-मांगांकडे. रक्तात कालवलेले धान्य शिवेवर शिंपडले जाई. म्हणजे गावाच्या रक्षणाचा सर्वांत अवघड विधी ज्यांच्या हातून व्हायचा, त्यांनाच देवळाच्या पायरीला शिवता येत नव्हते. या विधीचे वर्णन करताना अनेक लेखक ‘गावाची एकी’ म्हणून थांबतात. ती एकी होती, पण तिच्यात प्रत्येकाची जागा ठरलेली होती आणि काहींची जागा अपमानाची होती. हे सोडून दिले तर वर्णन खोटे होते.

खर्चही गावचा. मराठेशाहीतल्या गावच्या हिशेबात ‘गावखर्च’ नावाखाली देवाचे दिवाबत्तीचे तेल, जत्रेचे बकरे, गोंधळ, मानकऱ्यांची पागोटी अशा बाबी येत आणि त्या साऱ्या गावावर पट्टी बसवून भागवल्या जात. इंग्रजी अंमलात ही पट्टी सरकारी महसुलापासून तोडली गेली. १८५२च्या कायद्याने नेमलेल्या इनाम कमिशनने देवस्थान इनामांची छाननी केली. पुष्कळ देवळांची जमीन टिकली, पण शिवेवरच्या दगडाला सनद कुठून असणार? त्याचा खर्च तेव्हापासून लोकवर्गणीवर आला, आणि वर्गणी न देणाऱ्याला मान नाही, हा नियम रूढ झाला. त्र्यंबक नारायण आत्रे यांनी १९१५च्या ‘गांव-गाडा’त बलुत्यांबरोबर देवांच्या नावाने मागणाऱ्यांची जी लांबलचक रांग दाखवली आहे, ती याच मोडत्या व्यवस्थेची.

काळीतल्या देवांना मात्र गावकीचा मान लागत नाही. तिथे मालक तो आपल्या शेताचा भक्त. पेरणीआधी बांधावरच्या म्हसोबाला नारळ, खळ्यावर राशीची पूजा, मोटेच्या विहिरीवर आसरांना दहीभात, हे घरचे विधी. लातूर, धाराशिव आणि सोलापूर भागातली वेळ अमावस्या, तिकडच्या बोलीत येळवस, हा त्यातला सर्वांत देखणा. मार्गशीर्ष अमावस्येला ज्वारी पोटरीत किंवा निसवलेली असते. शेतात कडब्याची खोप उभारून तिच्यात पाच दगड चुन्याने रंगवून मांडतात, ते पांडव. त्यांच्यापुढे बाजरीचे उंडे, हिरव्या भाज्या आणि शेंगादाणे घालून केलेली भज्जी, आणि मातीच्या बिंदग्यात आंबवलेल्या ज्वारीची ताकातली आंबील. पूजा झाली की आंबील पिकावर शिंपडत शेताला फेरी घालतात. मग ज्याला बोलावले तो आणि वाटेने जाणारा, दोघेही जेवायला बसतात. त्या दिवशी गावे ओस पडतात आणि शहरांतल्या बाजारपेठाही थंडावतात. इथे जात आणि मान विसरला जातो असे म्हणणे धाडसाचे ठरेल. तरी खोपीतल्या पंगतीला गावजत्रेच्या पंगतीइतके नियम नसत.

बायकांच्या हातातली पूजा तर त्याहून मोकळी. बाळाच्या जन्मानंतर पाचव्या किंवा सहाव्या रात्री सटवाई येऊन कपाळावर नशीब लिहिते, म्हणून पाटा-वरवंटा मांडून पुजतात, जवळ कोरा कागद आणि लेखणी ठेवतात, रात्र जागवतात. नंतर सटवाईच्या ठाण्यावर बाळाचे जावळ काढून निवद देतात. साती आसरांना हिरवा चुडा, खण, हळदकुंकू आणि दहीभात पाण्याकाठी ठेवला जातो. या विधींत पुरुष पुजारी नाही, मंत्र नाही. काय ठेवायचे हे सासूने सुनेला सांगितलेले. बाळंतपणात आई आणि मूल दोघांचाही भरवसा नसायचा त्या काळात पाचव्या-सहाव्या दिवसाचे हे जागरण जीव मुठीत धरून केले जाई. या देवतांची नोंद बखरी-सनदांत सापडत नाही, कारण त्यांना कधी जमीन मिळाली नाही.

साथीचे रोग मात्र सगळ्या गावाला एकत्र रस्त्यावर आणत. १८१७ मध्ये बंगालात उसळलेली पटकी पुढच्याच वर्षी दख्खनेत पोचली आणि त्यानंतर शतकभर ती पावसाळ्याच्या तोंडाशी पुन्हा पुन्हा येत राहिली. आषाढात नदी-ओढ्याचे गढूळ पाणी पिण्यात येई आणि माणसे पटापट मरत. मरीआईचा महिना आषाढ, तिचे वार मंगळवार आणि शुक्रवार. तिचा भक्त पोतराज अंगावर कोरड्याचे फटके ओढत दारोदार फिरे; घरोघरून दहीभात, लिंबाचा पाला, बांगड्या, खण गोळा होई. देवीचा लाकडी गाडा सजवून त्यात हे सारे भरत, वाजत-गाजत शिवेपर्यंत ओढत नेत आणि पलीकडच्या गावाच्या हद्दीत सोडून देत. ते गाव तो आणखी पुढे ढकली. किनाऱ्याकडे शेवट खाडीत. रोग हा एक प्रवासी आहे, तो जेवून-खाऊन तृप्त होऊन निघून जावा, ही त्यामागची समजूत. शेजारच्या गावाशी त्यावरून मारामाऱ्या होत, कारण गाडा घेणे म्हणजे मरण घेणे. देवीच्या रोगातही दाह शमवणारेच अन्न दिले जाई: दही, शिळा भात, थंड पाणी. शीतला सप्तमीला चूल पेटवायची नाही, हा नियम त्यातूनच आला. १८०२ मध्ये मुंबईत एका लहान मुलीला पहिली लस टोचली गेली आणि १९७५ मध्ये भारतातला देवीचा शेवटचा रुग्ण बरा झाला. शीतलेचा निवद अजून चालू आहे, फक्त आता तो मुलांच्या सर्वसाधारण क्षेमासाठी असतो.

या साथींच्या विधींची मोठी नोंद एका सरकारी अधिकाऱ्याकडून झाली. ए. एम. टी. जॅक्सन यांनी शाळामास्तरांना प्रश्नावल्या पाठवून कोकण आणि गुजरातेतली माहिती गोळा केली होती. १९०९च्या डिसेंबरात नाशिकला त्यांची हत्या झाली, आणि ती टिपणे आर. ई. एन्थोवेन यांनी पुढे प्रसिद्ध केली. गावोगावच्या मास्तरांनी लिहून पाठवलेली ती उत्तरे त्रोटक आहेत, काही ठिकाणी शहरी नाक मुरडलेली. पण कोणत्या खाडीत कोणता गाडा बुडवला हे सांगणारे दुसरे साधन सहसा नाही.

कोकणात गावकी अधिक घट्ट आणि तिचा देवही अधिक बोलका. बारा-पाचाच्या मानकऱ्यांनी देवापुढे उभे राहून गाऱ्हाणे घालायचे, जमलेल्यांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हणून त्याला दुजोरा द्यायचा, आणि कौल लावून देवाची संमती घ्यायची, ही रीत अजून जिवंत आहे. गावाच्या राखणदाराला वर्षातून एकदा राखण द्यावी लागते: कोंबडा, भाकरी-वडे, माडाची दारू, विडी. रात्री हद्दीवरून हिंडून पहाऱ्याचे काम करणाऱ्याला जे लागेल तेच देवालाही लागते, ही त्यामागची भावना. मालवण तालुक्यातल्या आचरे गावात काही वर्षांनी रामेश्वराचा कौल घेऊन गावपळण होते. सारे गाव, कोंबड्या-कुत्र्यांसकट, तीन दिवस-तीन रात्री शिवेबाहेर रानात राहते. गाव त्या काळात देवाला मोकळे करून दिलेले असते. पुन्हा आत येण्यासाठीही कौल लागतो.

गोव्यात सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी तिसवाडी, बारदेश आणि साष्टी या महालांतली देवळे पाडली. मोठे देव भक्तांनी रातोरात अंत्रुजात, म्हणजे फोंड्याकडे हलवले. देवळांच्या जमिनी चर्चकडे गेल्या. वेताळ, राखणदार, देवचार हे हलवता येण्यासारखे नव्हते, कारण ते जमिनीचेच होते. गावकरी बाटले तरी बांधावरच्या राखणदाराला सूर आणि रोट देणे अनेक ठिकाणी चालू राहिले. शिरगावच्या लईराईची बहीण म्हणून म्हापशाच्या मिलाग्रिस सायबिणीला हिंदू भाविक फेस्ताला तेल वाहतात, आणि लईराईच्या जत्रेला म्हापशाहून मोगरीची फुले जातात.

एकोणिसाव्या शतकात या दैवतांचा अर्थ नव्याने लावला गेला. जोतीराव फुल्यांनी १८७३च्या ‘गुलामगिरी’त म्हसोबा, खंडोबा, जोतिबा यांना बळीराजाच्या राज्यातले अधिकारी ठरवले, म्हसोबा हा त्यांच्या लेखी महासुभा. इतिहास म्हणून ही मांडणी सिद्ध करणे अवघड आहे, पण शेंदरी दगडाला अडाणीपणाचे चिन्ह न मानता शूद्रातिशूद्रांच्या हरवलेल्या राज्याची खूण मानणारा तो पहिला विचारवंत. गाडगेबाबांनी दुसरी वाट घेतली. नवसाच्या बकऱ्यासाठी सावकाराकडे शेत गहाण टाकणाऱ्या माणसांना ते कीर्तनात प्रश्न विचारून भंडावून सोडत. मुक्या जिवाच्या हत्येइतकाच त्यांचा राग कर्जावर होता. आंबेडकरी चळवळीने तर गावगाड्याच्या मुळावरच घाव घातला. मेलेले जनावर ओढणार नाही, मरीआईचा गाडा हाकणार नाही, हलगी वाजवणार नाही, हे निर्णय १९२७ नंतर गावोगाव होऊ लागले आणि १९५६च्या धर्मांतराने ते पक्के झाले. १९५८च्या कायद्याने कनिष्ठ गावकामगारांची वतने संपली, तेव्हा रेडा फिरवायला आणि मारायला मानकरीच उरले नाहीत. बऱ्याच गावांतून हा विधी कायद्याच्या बंदीने नव्हे, असा माणसांच्या नकारामुळे बंद पडला.

पशुबळीवर सरसकट बंदी महाराष्ट्रात नाही. १९६०च्या केंद्रीय कायद्याने धर्माच्या रीतीप्रमाणे केलेल्या हत्येला क्रौर्याच्या कलमांतून वगळले आहे, आणि २०१३च्या राज्याच्या जादूटोणाविरोधी कायद्याचा रोख नरबळी आणि माणसाच्या छळावर आहे. स्थानिक बंदी मात्र आली. वाईजवळच्या मांढरदेवीला २५ जानेवारी २००५ रोजी शाकंभरी पौर्णिमेच्या काळूबाईच्या यात्रेत चेंगराचेंगरी होऊन सुमारे तीनशे भाविक गेले. देवळापुढे फोडलेल्या नारळांचे पाणी आणि तेल यांनी पायऱ्या निसरड्या झाल्या होत्या. त्यानंतर गडावर बकरी-कोंबडी कापणे, नारळ फोडणे आणि वाद्ये वाजवणे बंद झाले. बळी आता गडाखाली, वाटेवरच्या शेतांत आणि मुक्कामाच्या जागी दिले जातात आणि वर फक्त गोडा निवद जातो.

गेल्या पन्नास वर्षांत घुमट्या गेल्या आणि सिमेंटची शिखरे आली. जीर्णोद्धार समिती संगमरवरी मूर्ती बसवते, मरीआईच्या पाटीवर महालक्ष्मी लिहिले जाते, म्हसोबाची आरती छापून निघते. बहुतेक ठिकाणी तांदळा काढून टाकलेला नसतो. तो नव्या मूर्तीच्या पायाशी असतो आणि शेंदूर त्यालाच लागतो. वणीच्या सप्तशृंगीवरचा शेंदराचा जाड थर २०२२ मध्ये उतरवला, तेव्हा खालची मूर्ती पाहायला लोटलेली गर्दी ही या जुन्या-नव्याच्या गुंत्याचीच साक्ष. यात्रेच्या तारखा आता मुंबई-पुण्याच्या चाकरमान्यांच्या सोयीने, चैत्र-वैशाखाच्या सुट्टीत, ध्वनिवर्धकावर जाहीर होतात. वर्गणीचे आकडे फलकावर लागतात. पहिल्या दिवशी पुरणपोळीचा निवद आणि पालखी, दुसऱ्या दिवशी कुस्त्या आणि घराघरांत पाहुण्यांसाठी मटण, असा पश्चिम महाराष्ट्रातल्या बहुतेक गावजत्रांचा आजचा क्रम आहे. धरणांमुळे उठलेल्या गावांनीही पुनर्वसनाच्या वस्तीत आधी आपले ठाणे मांडले. कोयना आणि उजनीच्या पाण्याखाली देवळे राहिली, पण पालखी, पादुका आणि मानकऱ्यांचा क्रम नव्या गावठाणात तसाच गेला. जिथे दोन उठलेली गावे एकाच वसाहतीत आली, तिथे दोन्ही ग्रामदैवतांच्या जत्रा वेगवेगळ्या दिवशी भरतात.